गेममधला राक्षस कोणासारखा दिसतो?

तुमच्या घरात मोबाइलवर गेम खेळणारं कोणीतरी असेलच. मूल असेल, नवरा असेल, हल्ली आजी-आजोबाही असतात. एकदा खेळ ऐन रंगात आला की मागे उभं राहून नुसतं बघा. उड्या मारत पळणाऱ्या नायकाकडे नको, त्याच्या अंगावर जो येतोय त्याच्याकडे बघा. तो चालतो कसा? त्याचा रंग कोणता, अंगावर कपडे कोणते, हातात काय? हे सगळं कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. गेलं वर्षभर ही ठरवाठरवी माझ्या घरात चालू आहे, तीही जेवायच्या वेळेला, म्हणून हे लिहितेय.

मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. लग्न होऊन काशीला आले त्याला १९ वर्षं झाली. सासर दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत. दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा काशीतल्या जुन्या मराठी घरांचा भाग. घरात मराठी, गल्लीत बनारसी, शाळेत हिंदी-इंग्रजी, अशी आमच्याकडच्या मुलांची जीभ तीन ठिकाणी वळते. माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. गोडो नावाचं गेम बनवायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते त्यानं जुन्या लॅपटॉपवर टाकलं आणि मागच्या कार्तिकात स्वतःचा गेम बनवायला घेतला.

गेमचं नाव 'आकाशदीप'. कार्तिकात आमच्या शेजारच्या पंचगंगा घाटावर उंच उंच बांबूंच्या टोकाला वेताच्या टोपल्यांतून दिवे चढवतात. पितरांना वाट दिसावी म्हणून. तुम्ही त्या दिवसांत काशीला आलात तर पहाटे नाहीतर संध्याकाळी नक्की बघा. तर गेममध्ये एका नावाड्याचा मुलगा पणती घेऊन घाटाघाटानं निघतो. पणती विझू न देता पंचगंगेला पोचायचं आणि दिवा वर चढवायचा. कल्पना मला आवडली. पण नुसतं चालत जाण्यात गेम कसला? पणती विझवणारं कोणीतरी हवं. म्हणजे दुश्मन आला.

त्यानं पहिला दुश्मन काढला तो असा: काळाकभिन्न माणूस, अंगाला राख, कमरेला गुडघ्यापर्यंतचं धोतर, तांबारलेले डोळे, हातात लांब बांबू. मागे ज्वाळा. चित्र म्हणून छान होतं, खोटं कशाला बोलू.

पण काशीत राहणाऱ्याला तो माणूस ओळखायला वेळ लागत नाही. मणिकर्णिका घाटावर रात्रंदिवस चिता जळत असतात. तिथे लाकडं रचणारे, बांबूनं चिता सारखी करणारे, राख उपसणारे लोक डोम समाजाचे. चितेला द्यायचा अग्नी त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो, मग गेलेला माणूस लखपती असो की भिकारी. माझे सासरे गेले तेव्हा पौषातली थंडी होती. घरातले पुरुष पायऱ्यांवर बसून होते आणि शेवटपर्यंत चितेजवळ उभा राहिला तो बांबू घेतलेला एक अनोळखी माणूस. हे मला नवऱ्यानं सांगितलं होतं. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा.

मुलाला मी विचारलं, "हाच का रे?"

"भीती वाटायला पाहिजे ना आई. लहानपणी तिथून येताना मला त्यांचीच भीती वाटायची."

त्याचं म्हणणं खरं होतं, त्यामुळे लगेच काही बोलता आलं नाही.

पुढच्या रविवारी त्याचा शाळेतला मित्र गेम खेळून बघायला आला. त्याचं घर मणिकर्णिकेच्या अंगाला, आणि घरातल्या मोठ्यांचं काम तेच. दुश्मन पडद्यावर आला तसा तो हसायला लागला. "अरे, ये तो हमारे बड़का बाबू हैं!" म्हणजे आमचे मोठे काका. मग त्यानं त्या मोठ्या काकांना दगड मारमारून पाडलं, तीन वेळा हरला, चौथ्यांदा टप्पा पार केला, पोहे खाल्ले आणि गेला. रागावला नाही, तोंड पाडलं नाही. मुलगा मला म्हणाला, "बघ, त्याला काही वाटलंसुद्धा नाही." पण आपल्या काकांना असं कुठेतरी राक्षस झालेलं बघायची त्याला सवय होती, हे मला त्या हसण्यात ऐकू आलं. मी एवढंच म्हटलं, की हाच गेम त्याच्या काकांच्या हातात देऊन बघशील का? त्यावर मुलगा गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुश्मनाला हिरवा रंग दिला आणि दोन शिंगं लावली. मित्रानं शाळेतल्या मधल्या सुट्टीत मोबाइलवर चित्र बघितलं आणि म्हणाला, "अब हरे वाले बड़का बाबू!" खरंच होतं ते. चाल तीच, बांबू तोच, वाकून बघायची ढब तीच. रंग बदलून माणूस पुसला जात नाही.

मग मात्र त्यानं चित्र बाजूला ठेवलं. आणि इथून पुढचं मला फार आवडलं, कारण गेमचा दुश्मन आतून कसा चालतो हे मला पहिल्यांदा कळलं. तुम्हालाही सांगते.

१९८० साली जपानच्या नामको कंपनीचा 'पॅकमॅन' आला. तो बनवणाऱ्या तोरू इवातानी यांना मुली आणि जोडपीही खेळतील असा गेम हवा होता, म्हणून त्यातली भुतं गोंडस आहेत. चारही भुतांचा आकार एकच, फरक फक्त रंगाचा. पण वागणं? लाल भूत सरळ तुमच्या मागे लागतं. गुलाबी तुमच्या तोंडापुढची जागा धरून तिकडे निघतं, म्हणजे तुम्ही जाणार तिथे ते आधी. नारिंगी भूत जवळ येतं आणि मग जणू धीर सुटल्यासारखं आपल्या कोपऱ्यात पळतं. मधूनमधून चौघंही पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्याकडे जातात, तेवढाच आपल्याला श्वास. एवढ्याशा ठिपक्यांना स्वभाव आला तो वागण्यातून. चेहरा म्हणावा असं त्यांच्याकडे काही नव्हतंच.

१९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये पहिल्यांदा समोर येतो तो गुंबा, तपकिरी अळंब्यासारखा. बाकीचे दुश्मन बनवून झाल्यावर सगळ्यात शेवटी तो बनवला, कारण नवख्या माणसाला सोपा वाटेल असा कोणी हवा होता. जागा इतकी कमी उरली होती की त्याचं एकच चित्र आरशासारखं उलटसुलट करून त्याला चालवलं. आणि मुलांचा लाडका 'माइनक्राफ्ट'मधला क्रीपर तर डुक्कर बनवताना उंची आणि लांबीची अदलाबदल झाली त्यातून जन्मला! तो फुटण्याआधी फुस्स असा आवाज करतो. ज्यांनी खेळलंय त्यांना त्या आवाजानं अजूनही दचकायला होत असेल.

तो आवाज महत्त्वाचा. गेम बनवणाऱ्यांचा एक अलिखित नियम आहे, की दुश्मनानं वार करण्याआधी खबर द्यायची. हात मागे घ्यायचा, डोळे चमकवायचे, गुरगुरायचं, काहीही. खबर न देता मारणारा दुश्मन कठीण वाटत नाही, लबाड वाटतो, आणि माणूस गेम बंद करतो. ती खबर किती वेळ द्यायची, याचं माप आमच्याकडे सासूबाईंनी घेतलं. त्या ७६ वर्षांच्या आहेत. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला धडधाकट माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. मुलानं आधी अर्धा सेकंद ठेवला होता. सासूबाई दर वेळी मेल्या. "मेली रे तुझी आजी पुन्हा," असं त्या दहा वेळा म्हणाल्या. पाऊण सेकंदाला एकदा वाचल्या. ०.९ सेकंदाला पणती घेऊन थेट राजघाटापर्यंत गेल्या आणि गल्लीतल्या बायकांना सांगून आल्या. तेव्हापासून आमच्याकडे ०.९ म्हणजे आजी-वेळ.

खबर देणारा दुश्मन म्हटल्यावर मला माझ्या लहानपणचा संकासुर आठवला. कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. शिमग्यात नमन-खेळ्यांबरोबर तो यायचा: सगळे कपडे काळे, तोंडावरून उंच टोकदार काळी टोपी, हातात दोर, कमरेला घुंगरं. तो आळीच्या वळणावर दिसण्याआधी घुंगरं वाजायची आणि आम्ही पोरं किंचाळत पडवीत पळायचो. पळायला पुरेसा वेळ मिळायचा, हे आता लक्षात येतं. आणि काळ्या कपड्याआत कोण आहे हे गावाला ठाऊक असायचं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस आमच्याकडे नारळ पाडायला यायचा. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे संकासुर अंगावर चढवायचा असतो. तो कोणाचं अंग नसतो." मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

या वर्षी आम्ही मुद्दाम त्याच नजरेनं रामनगरची रामलीला बघायला गेलो. गंगेपलीकडे, काशीनरेशांच्या किल्ल्याभोवती, अनंत चतुर्दशीपासून ३१ दिवस चालते. माइक नाही, विजेचे झगझगीत दिवे नाहीत. अयोध्या एकीकडे, लंका पार दुसरीकडे, आणि प्रेक्षकांनी लीलेच्या मागे चालायचं. युनेस्कोनं २००८ साली रामलीलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, पण आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं त्याआधीही सतरंजी, टॉर्च आणि रामचरितमानसाची पोथी घेऊन होडीनं जातच होती.

दसऱ्याच्या दिवशी तिथे दोन गोष्टी होतात. रावणवधाआधी काशीनरेश निघून जातात. एका राजानं दुसऱ्या राजाचा मृत्यू बघू नये, असा तिथला रिवाज. म्हणजे दुश्मन असला तरी त्याचा राजेपणा कोणी काढून घेत नाही. आणि वध कसा? धाडकन पडणं वगैरे काही नाही. रावण झालेला माणूस आपली दहा डोकी आणि वीस हात उतरवून ठेवतो, रामाच्या पाया पडतो आणि साधा माणूस होऊन गर्दीत मिसळतो. जळतो तो नंतर, कागद-बांबूचा पुतळा. ते पुतळे रामनगरला पिढ्यान्‌पिढ्या एक मुस्लिम कारागीर घराणं बनवतं. सासूबाईंना यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. "मग दुसरं कोण बनवणार?" असं त्या म्हणतात.

सगळ्याच मेळ्यांत मला अशी मजा येते असं नाही. चेतगंजच्या नक्कटैयाला, म्हणजे शूर्पणखेचं नाक कापण्याच्या मेळ्याला, रात्रभर लाखांनी लोक लोटतात. मी एकदा गेले. पुन्हा जायची इच्छा झाली नाही. बाईचं नाक कापलं जाताना एवढी आतषबाजी कशाला, हा माझा प्रश्न आहे, आणि तो घरात कोणाला पटत नाही.

तुळसीघाटाची नागनथैया मात्र चुकवू नये अशी. कार्तिक शुद्ध चतुर्थीला गंगेकाठी कदंबाची फांदी उभी करतात. कृष्ण झालेला मुलगा चेंडूसाठी तिच्यावरून पाण्यात उडी घेतो आणि कालियाच्या फण्यावर उभा राहून वर येतो. सगळा खेळ काही मिनिटांचा, गर्दी मात्र होड्यांच्या होड्या. कालिया मरत नाही. त्याला नदी सोडायला लावतात, कारण त्याच्या विषानं पाणी नासलेलं असतं. तुळसीघाटावरचे महंत वीरभद्र मिश्र विद्यापीठात हायड्रॉलिक इंजिनिअरिंग शिकवायचे आणि पहाटे गंगेत स्नान करायचे. त्यांनी १९८२ साली संकटमोचन फाउंडेशन काढून गंगा स्वच्छ करायची मोहीम सुरू केली. कालिया बघताना आता काशीतल्या बऱ्याच जणांना नदीत येऊन मिळणारे नालेच आठवतात. चेहरा नसलेला दुश्मन यापेक्षा खरा कोणता सांगू?

मुलाला मी नाल्याचा राक्षस सुचवला. "आई, तो शाळेच्या प्रोजेक्टसारखा होईल," म्हणाला. बरं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा 'राजी' नावाचा गेम त्याच्या डोक्यात बसला होता. २०२० साली आला. सर्कशीतली राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. महाबलासुर हा त्यातला मोठा असुर. मधली गोष्ट छायाबाहुल्यांसारख्या चित्रांतून सांगितली आहे. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्या गेमसाठीच्या पुरस्कारात त्याला नामांकन होतं. पुण्यात बसून कोणी असुर घडवू शकतं तर दुर्गाघाटावर का नाही, असं त्याचं गणित. छायाबाहुल्या त्यानं पुन्हा पुन्हा बघितल्या. ज्याचा मागचा कागद, काड्या दिसतात असा दुश्मन चालतो, हे तिथून त्याला सुचलं.

शेवटी झाला तो कागदासुर. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर रंगीत कागद, रामलीलेच्या पुतळ्यासारखा. फासळ्यांच्या जागी कामट्या दिसतात, पाठीवर जुन्या वर्तमानपत्राचा मजकूर. तो कोणाचा काका नाही, कुठल्या जातीचा नाही. आणि तो पणत्या का विझवतो, याला पहिल्यांदाच कारण मिळालं: एक ठिणगी पडली तर तो जळून जाईल. बिचाऱ्याला भीती वाटते! जवळ आला की कागद सळसळतो, ती त्याची घुंगरं. मग तो श्वास घेतो, कागदाची छाती फुगत जाते, बरोबर ०.९ सेकंद, आणि मग फुंकर. सासूबाई त्याला दोनदा हरवून बसल्या आहेत, आणि हरवल्यावर "दमला गं बाई" म्हणाल्या.

मित्र आता दर रविवारी येतो. आगीचं काम त्याच्याकडे आहे. मुलानं कागदासुर पेटल्यावर एकदम भडका दाखवला होता. मित्रानं मान हलवली. कागद आधी कडेनं काळा पडतो, आत वळतो, मग ज्वाळा धरते, म्हणाला. बांबू उशिरा पेटतो, आणि पेरातली हवा आणि ओल तापली की फट्‌ असा फुटतो. वारा पूर्वेचा असला तर ज्वाळा कुठे वळते, पश्चिमेचा असला तर कुठे, हेही त्यानं कागदावर बाण काढून दाखवलं. हे सगळं त्याला त्याच बड़का बाबूंनी शिकवलंय. गेमच्या शेवटी नावं येतात त्यात 'आग' असं लिहून पुढे दोघांची नावं टाकायची, काका आणि पुतण्याची, असं ठरलंय. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "लिख दो."

एका गोष्टीवरून मात्र दोघांचं जमलेलं नाही. कागदासुर जळला, मग? मुलाला नाणी हवीत, छनछन उडणारी, शंभर गुण. मित्राचं म्हणणं, कागद जळून गेल्यावर आतून एक माणूस निघावा, त्यानं खाली पडलेली पणती उचलावी आणि नायकाच्या मागे चालू लागावं. "खाली जलाके छोड़ दोगे?" असं तो विचारतो. मुलगा म्हणतो, माणूस चालवायचा म्हणजे नवीन ४० चित्रं काढावी लागतील, आणि सहामाही परीक्षा तोंडावर आहे. दोघांचंही बरोबर आहे.

मागच्या रविवारी बादलीभर पाणी शेजारी ठेवून दोघं गच्चीवर बांबूचे तुकडे जाळत होते. फुटण्याचा खरा आवाज मोबाइलवर घ्यायचा होता. वाळक्यापेक्षा ओला बांबू जोरात फुटतो, हे मित्राला माहीत होतं, म्हणून ओले तुकडे त्यानं घरूनच आणले होते. शेजारच्या काकूंनी खिडकीतून आरडाओरडा करेपर्यंत आठ आवाज मिळाले. त्यातल्या सहांमध्ये मागून सासूबाईंचं "सांभाळून रे" ऐकू येतं. ते काढून टाकायचं की तसंच ठेवायचं, हे अजून ठरायचं आहे.